प्रीपोमॅक्स : कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याचा खरा हिशेब लावू देणारं मोफत सॉफ्टवेअर

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा औद्योगिक वसाहतींतली छोटी शॉप असोत की नांगर, पेरणीयंत्रं बनवणारी तालुक्याची वर्कशॉप असोत, व्यापारी एफईए (भागावरचा ताण संगणकावर काढणाऱ्या) पॅकेजचं लायसन्स तिथे परवडत नाही. अशांसाठी प्रीपोमॅक्स हा आज सर्वांत चांगला पर्याय आहे. कॅल्क्युलिक्स या मुक्त सॉल्व्हरवर, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामवर, ते चालतं, विंडोजवर झिप उघडली की थेट सुरू होतं, आणि व्यावसायिक कामालाही पैसे लागत नाहीत. स्ट्रेस सिंग्युलॅरिटी, म्हणजे मॉडेलच्या तीक्ष्ण कोपऱ्यात लाल ठिपक्यासारखा दिसणारा अवास्तव ताण, हाताळायला लागणारी बहुतेक हत्यारं त्यात आहेत. मात्र ती कधी वापरायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही, आणि शिकाऊ माणूस नेमका तिथेच फसतो.

नांगराच्या थ्री-पॉइंट लिंकेजचा 8 मिमी प्लेटचा एल-ब्रॅकेट घ्या. सीएडीत (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) आतला कोपरा सरळ 90 अंशांचा काढला, तर त्या रेषेवर लवचिक गणिताप्रमाणे ताण अनंत असतो. मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात ते एलिमेंट (त्यांचं जाळं म्हणजे मेश) बारीक कराल तसा आकडा चढतच जातो. समजा 4 मिमीला कमाल ताण 180 एमपीए (मेगापास्कल) आला. तोच 2 मिमीला साधारण 247, 1 मिमीला 338 आणि अर्ध्या मिमीला 460च्या पुढे जातो. अशा कोपऱ्याजवळ ताण अंतराच्या उणे 0.4555 घातांकाने बदलतो, म्हणून आकार निम्मा केला की सुमारे 37 टक्के वाढ. भेगेच्या टोकाशी हीच वाढ 41 टक्के असते. ही चढती भाजणी दिसली की 180 सुद्धा खोटा आणि 460 सुद्धा खोटा. आयएस 2062 च्या ई250 प्लेटचा यील्ड, म्हणजे कायमचं वाकणं सुरू होतं तो ताण, 250 एमपीए. त्याच्याशी यातला कोणता आकडा ताडून पाहणार?

ही चाचणी इथे सोपी आहे. जॉमेट्री टॅबमध्ये 'मेश रिफाइनमेंट' घेऊन फक्त कोपऱ्याची कड निवडायची, आकार 4, 2, 1 असा बदलत तीन रन काढायचे. बाकी भागाचा मेश तसाच ठेवायचा. सगळा मेश निम्मा केला तर एलिमेंट आठपट होतात आणि साधा लॅपटॉप मेमरीअभावी सॉल्व्हरपाशी अडतो. सेकंड ऑर्डर (कडांच्या मध्यावरही नोड असलेली) एलिमेंट चालू असल्याची खात्री करा. फक्त चार कोपऱ्यांवर नोड, म्हणजे गणिताचे बिंदू, असलेल्या साध्या चार-नोडी टेट्राने (चतुष्फलक एलिमेंटने) वाकण्यातला ताण कमी दिसतो. शिवाय कॅल्क्युलिक्स आतल्या बिंदूंवरचा ताण नोडपर्यंत ताणून शेजारच्या एलिमेंटांत सरासरी करतं. जाड मेशवर त्यामुळे टोक दबतं आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं.

कोपरा खरोखर महत्त्वाचा असेल तर एकच खरा उपाय : जी त्रिज्या प्रत्यक्षात आहे ती काढा. प्रेस ब्रेकवर वाकवलेल्या प्लेटला आतून त्रिज्या असतेच, ड्रॉइंगमध्ये दाखवायचा कंटाळा केलेला असतो. 3 मिमी त्रिज्येच्या पाव वर्तुळाची लांबी 4.7 मिमी भरते. त्यावर सहा एलिमेंट, म्हणजे 0.8 मिमीच्या आसपास, बसवा. मग आकडा एका जागी स्थिरावतो. शेवटच्या दोन रनमधला फरक पाच टक्क्यांच्या आत आला की पुरे. इथे प्रीपोमॅक्सचा मोठा उणेपणा जाणवतो. त्रिज्या देण्याची सोय त्यात नाही. फ्रीकॅडमध्ये किंवा तुमच्या सीएडीत परत जा, स्टेप फाइल (सीएडी मॉडेलची फाइल) नव्याने आणा, आणि सरफेस निवडून लावलेले लोड, सपोर्ट पुन्हा तपासा. प्रत्येक बदलाला हा फेरा आहे.

वेल्डचं प्रकरण वेगळं. वेल्डच्या कडेला मोजता येईल अशी ठरावीक त्रिज्याच नसते, म्हणून तिथला कमाल आकडा सोडून द्यायचा आणि हॉट-स्पॉट पद्धत धरायची. जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावरचा पृष्ठभागावरचा, कडेला लंब दिशेचा ताण घ्या. 8 मिमी प्लेटला हे 3.2 आणि 8 मिमी. पहिल्याला 1.67 ने गुणा, त्यातून दुसऱ्याची 0.67 पट वजा करा. 150 आणि 120 एमपीए मिळाले तर हॉट-स्पॉट ताण 170. नोड नेमके त्या अंतरांवर पडावेत म्हणून सीएडीतच त्या दोन रेषांनी फेस विभागून आणा. नंतर 'क्वेरी'ने नोडवर क्लिक करून आकडे उतरवून घ्यायचे. हे काम या सॉफ्टवेअरमध्ये फार सुटसुटीत होतं.

लोड आणि सपोर्टही सिंग्युलॅरिटी आणतात. एका नोडवर 'कॉन्सन्ट्रेटेड फोर्स' लावला की सॉलिडमध्ये त्याखालचा ताणच नाही, विस्थापनही मेशबरोबर वाढत जातं. त्याऐवजी पिनच्या भोकाचा फेस निवडून 'सरफेस ट्रॅक्शन' द्या, एकूण बल तेच राहतं. फिक्स्ड फेसच्या कडांवरचा लाल पट्टा तर जवळपास प्रत्येक मॉडेलमध्ये दिसतो. तो बोल्टमुळे आलेला नसून पॉयसन आकुंचन (ताणल्यावर आडव्या दिशेने होणारं आकसणं) अडवल्यामुळे आलेला असतो. तो वाचू नका; एखाद-दोन जाडी दूर जाऊन पाहा आणि तिथला ताण एम भागिले झेडच्या (वाकवणारा मोमेंट भागिले सेक्शन मॉड्युलस) हातगणिताशी जुळतो का ते तपासा. त्यासाठी रंगपट्टीची मर्यादा 'मॅन्युअल' करून यील्डवर आणा, म्हणजे एका ठिपक्यामुळे बाकी सगळा ब्रॅकेट निळा दिसत नाही.

मटेरियलला प्लास्टिक (यील्डनंतर कायमचं वाकण्याचे) गुणधर्म दिले की ताण यील्डच्या आसपास थांबतो, आणि बरेच जण तिथे समाधान मानतात. तीक्ष्ण कोपऱ्यात मग प्लास्टिक स्ट्रेन चढत राहतो. आजार तोच, फक्त जागा बदलली. एकदाच येणाऱ्या स्थिर लोडला, तन्य (न तुटता ताणलं जाणाऱ्या) स्टीलसाठी, ही पद्धत चालते. शेतातल्या धक्क्यांखाली वर्षानुवर्षं राबणाऱ्या अवजाराच्या थकव्याला मात्र नाही.

मोठ्या फ्रेमसाठी 'सबमॉडेल'ची सोय आहे : आधी अख्खी फ्रेम जाड मेशने सोडवा, मग कोपऱ्याचा तुकडा त्रिज्येसकट कापून बारीक मेशने चालवा. कापाची सीमा कोपऱ्यापासून इतकी लांब हवी की दोन्ही मॉडेलचा ताण तिथे जुळेल. न जुळल्यास तुकडा मोठा करा.

डिप्लोमा-इंजिनीअरिंगच्या मुलांनी, स्वतःचं डिझाइन करणाऱ्या व्हेंडरने प्रीपोमॅक्स डोळे मिटून डाउनलोड करावं. ग्राहक ठरावीक पॅकेजचाच अहवाल मागत असेल तर याचा उपयोग नाही, आणि शेकडो संपर्कजोड असलेली असेंब्ली असेल तर वेळ फार जातो. अहवालात मात्र कमाल ताणाच्या चित्राशेजारी तीन मेशचे तीन आकडे आणि ताण कुठल्या अंतरावर वाचला, एवढं लिहिलेलं असू द्या.