सीपी, एससीपी, टार की आरसिंक: फाइली हलवायला नेमकं काय वापरायचं

टर्मिनलवर नुसती फाइल कॉपी करायला चार-चार कमांड कशाला, हे नवीन लिनक्स घेतलेला जवळपास प्रत्येक जण विचारतो. सगळे पर्याय पाठ करत बसू नका, आधी एवढंच ठरवा की हीच कॉपी तुम्हाला उद्या-परवा परत करावी लागणार आहे का. नसेल तर सीपी किंवा एससीपी, असेल तर आरसिंक, आणि टारचं काम जरा वेगळं आहे, ते मधे सांगतो.

सीपी म्हणजे त्याच मशीनवर इकडचं तिकडे. फोल्डर असेल तर मायनस आर लावायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात फाइलींच्या जुन्या तारखा राहत नाहीत, सगळ्यांवर आजची तारीख पडते. घरचे स्कॅन केलेले सातबारे, पावत्या तारखेनुसार लावून बघायची सवय असेल तर हे फार त्रासाचं होतं, म्हणून मायनस ए द्या, तारखा आणि परवानग्या (फाइल कोण वाचू-बदलू शकतं ते) दोन्ही टिकतात. त्याच नावाची फाइल तिथे आधीच असली तर सीपी न विचारता तिच्यावर लिहून मोकळी होते, विचारून करायला हवं असेल तर मायनस आय. आणि डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइल मांडायची पद्धत असेल, कोअरयुटिल्स (सीपी ज्यात येते तो कमांडचा संच) ९.० किंवा त्यापुढचं असेल, तर पाच जीबीची फाइलसुद्धा त्याच डिस्कवर क्षणात कॉपी होते कारण डेटा खरा हलतच नाही, दोन्ही नावं डिस्कवरच्या त्याच जागेकडे बोट दाखवतात आणि तुम्ही काही बदललंत तर तेवढाच भाग वेगळा होतो. अशा कॉपीला बॅकअप समजू नका, डिस्क गेली की दोन्ही गेल्या.

एससीपी म्हणजे तेच, पण दुसऱ्या मशीनवर, एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीतून. एखादी सेटिंगची फाइल सर्व्हरवर टाकायची, एखादी नोंदींची फाइल (लॉग) खाली आणायची, याला ती उत्तम. पण २० जीबी पाठवताना १८ वर वायफाय गेलं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. एससीपी बनवणाऱ्या खुद्द ओपनएसएसएचवाल्यांनी २०१९ मधेच सांगितलं होतं की एससीपीचा प्रोटोकॉल, म्हणजे फाइल पाठवायची पद्धत, जुना झालाय, एसएफटीपी (एसएसएचवरचीच नवी पद्धत) किंवा आरसिंक वापरा, आणि २०२२ च्या ९.० आवृत्तीपासून एससीपी आतून एसएफटीपीच वापरते. कमांड तीच राहिली, त्यामुळे बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

टार खरं तर कॉपीचं साधन नाही, गाठोडं बांधायचं साधन आहे. नाव टेप आर्काइव्हवरून आलं, लिनक्सच्या आधीची जुनी प्रणाली युनिक्स, तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीमधे ते होतं. हजारो बारीक फाइली असलेलं प्रोजेक्टचं फोल्डर एससीपीने पाठवून बघा, प्रत्येक फाइलमागे वेळ जातो, तेच टार करून एकच फाइल पाठवली तर खूप लवकर होतं. पेनड्राइव्ह फॅट या जुन्या फाइल-पद्धतीचा असेल तर त्यावर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, गाठोड्याच्या आत मात्र टिकतात. फक्त फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे मोठं गाठोडं तुकडे करून न्यावं लागतं.

आता आरसिंक. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मधे हे काढलं, आणि रोजच्या बॅकअपला मी दुसरं काही सुचवणार नाही. ते आधी दोन्हीकडच्या फाइलींचा आकार आणि तारीख बघतं, दोन्ही जुळलं तर त्या फाइलीला हातच लावत नाही. नेटवर्कवर तर त्याच्याही पुढे जातं, बदललेल्या फाइलीचे जे तुकडे पलीकडे आधीच आहेत ते सोडून फक्त नवीन तुकडे पाठवतं. म्हणून पहिल्यांदा दोन तास लागले तरी दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत उरकतं. मधेच तुटलं तर तीच कमांड परत मारायची, झालेल्या फाइली सोडून पुढे जातं, आणि मायनस कॅपिटल पी दिला असेल तर अर्धी आलेली फाइलही वाया जात नाही.

पण एक तिरकी रेघ नीट समजून घ्या. समजा फोटो हे फोल्डर बॅकअप या फोल्डरमधे पाठवायचंय. कमांडमधे तुम्ही नुसतं फोटो लिहिलंत तर पलीकडे बॅकअप/फोटो असं फोल्डर तयार होतं. तुम्ही फोटो/ लिहिलंत तर आतल्या फाइली थेट बॅकअपमधे सांडतात. आणि सोबत डिलीटचा पर्याय असेल, म्हणजे इकडे नाही ते तिकडून काढून टाक, तर या सांडलेल्या फाइली सोडून बॅकअपमधलं बाकी सगळं जातं. माझ्या बाबतीत हे झालंय, बाहेरच्या डिस्कवर फोटोंच्या शेजारी घरच्या कागदपत्रांचं फोल्डर होतं, शेवटी एक रेघ जास्त पडली आणि ते पूर्ण गेलं, निम्मं जुन्या पेनड्राइव्हवर सापडलं, निम्मं परत स्कॅन करायला दोन रविवार गेले. तेव्हापासून डिलीट असेल तर आधी मायनस एन आणि मायनस व्ही लावून कोरडी फेरी मारतो, त्यात काही होत नाही, नुसती यादी येते, आणि यादीत डिलीटिंगने सुरू होणाऱ्या ओळी एकेक वाचल्याशिवाय खरी कमांड मारत नाही.

मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी अजून एक. जुन्या मॅकची एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क फाइलींच्या नावांत ऱ हे अक्षर एकसंध ठेवत नाही, र आणि खालचा नुक्ता (टिंब) असं तोडून ठेवते. म्हणजे 'दुसऱ्या वर्षाच्या नोट्स' ही फाइल मॅकवरून लिनक्स सर्व्हरवर पाठवलीत, आणि तिथे कीबोर्डवर टाइप केलेल्या एकसंध ऱ ची तीच फाइल आधीपासून असली, तर डोळ्यांना एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि आरसिंकला त्या वेगळ्या वाटतात. यावर उपाय आरसिंककडे आहे, मॅकवरून पाठवताना आयकॉन्व्हच्या, म्हणजे नावांतली अक्षरं साठवायची पद्धत बदलणाऱ्या पर्यायात आधी यूटीएफ-८-मॅक, मग स्वल्पविराम, मग यूटीएफ-८ द्यायचं. मॅकसोबत बरीच वर्षं आरसिंकची २.६.९ ही जुनी आवृत्ती यायची आणि हा पर्याय ३.० पासूनचा आहे, त्यामुळे आधी होमब्रूवरून (मॅकवर अशी सॉफ्टवेअर टाकायचं साधन) नवीन आरसिंक टाकून घ्या.