प्रयोगाआधीच ‘हा आकडा निघणार नाही’ सांगणारं पॅकेज

मॉडेलमधले कोणते आकडे मोजमापातून निघू शकतात आणि कोणते नाही ते सांगणारं, ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘स्ट्रक्चरल आयडेंटिफायेबिलिटी’ हे पॅकेज फुकट आहे. एन्झाइमच्या वेगाची मॉडेलं बसवणाऱ्या प्रत्येकानं ते प्रयोगाआधी चालवावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. सोयाबीनच्या दाण्यात युरिएज हे युरिया फोडणारं एन्झाइम असतं आणि सोयाबीन आमच्याकडे घरोघरी. म्हणून एमएस्सीच्या पोरांना दाणे दळून युरिया किती वेगानं फुटतो ते मोजायला लावतो. युरिया किती असताना वेग किती ते सांगणारं समीकरण मायकेलिस-मेंटेनचं, १९१३ सालचं. त्यातून पोरं तीन आकडे काढायला बघतात: के-एम (ज्या युरियाला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तो), के-कॅट (एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला जास्तीत जास्त किती युरिया फोडतो) आणि पिठात एन्झाइम किती. एक्सेलमध्ये ग्राफ सुरेख बसतो, आणि तरी शेजारी बसणाऱ्या दोघांच्या वहीत के-कॅट वेगवेगळा.

पॅकेजला समीकरण द्यायचं आणि आपण काय मोजतो ते सांगायचं. आमच्या मॉडेलवर उत्तर आलं: के-एम ‘ग्लोबली’, म्हणजे त्याची एकच किंमत निघेल, के-कॅट आणि एन्झाइम दोन्ही ‘नॉनआयडेंटिफायेबल’. निघतो तो त्यांचा गुणाकार, हेही ते दाखवतं. एन्झाइम दुप्पट धरलं नि के-कॅट निम्मा, तर वक्र जागचा हलत नाही. एका पोरीनं लगेच विचारलं, “सर, मंग पीठ तोलून टाकलं त होईन का?” नाही होणार, पिठाच्या वजनातून त्यात एन्झाइम किती ते कळत नाही. पण प्रश्न नेमका जागेवर पडला, आणि मला या पॅकेजचं तेच सगळ्यात आवडलं.

इन्स्टॉल करताना मात्र जीव जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड, त्यात मध्येच लाइन गेली की पुन्हा बसा. एकदा झालं की नेट लागत नाही. सुरुवातीच्या किमती, म्हणजे सुरुवातीला युरिया किती होता वगैरे, ते अज्ञात धरतं, माहीत असतील तर वेगळं सांगावं लागतं.

एक अट मोठी आहे. हे उत्तर मोजमाप बिनचूक आणि अखंड आहे असं धरून येतं. युरिया के-एमपेक्षा फारच कमी घेतला तर वेग युरियाच्या प्रमाणातच बदलतो आणि हाती व्ही-मॅक्स (कमाल वेग, म्हणजे तोच के-कॅट आणि एन्झाइमचा गुणाकार) भागिले के-एम एवढंच लागतं. पॅकेज तरीही ‘ग्लोबली’च म्हणणार. आपल्या खऱ्या मोजमापातून आकडा निघतो का हे बघायला प्रोफाइल लाइकलिहूड काढावं लागतं, म्हणजे एक आकडा मुद्दाम बदलत बाकीचे पुन्हा बसवून वक्र किती बिघडतो ते बघायचं. ते कोपासी या सॉफ्टवेअरमध्ये जमतं, तेही फुकट. यंदा पोरांकडून आधी हे पॅकेज चालवून घेतोय, मग के-एमच्या खाली-वर दोन्हीकडे युरियाची द्रावणं करायला लावणार.