टीबीसाठी रक्त द्यायचं की बेडका?

दोन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप, आणि लॅबच्या पावतीवर ‘टीबी गोल्ड’ ही रक्ततपासणी. रक्त काढलं की सुटलो, बेडक्याची किळस नको, असं बऱ्याच जणांना वाटतं.

या तपासणीत चार छोट्या नळ्यांत एकेक मिली रक्त घेतात. दोन नळ्यांत टीबीच्या जंतूची प्रथिनं असतात. रक्त 37 अंशांवर 16 ते 24 तास ठेवतात. पेशींनी ते प्रथिन ओळखलं, तर त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात आणि तेच मोजलं जातं. लहानपणच्या बीसीजीमुळे निकाल बिघडत नाही. त्वचेवर टोचून करायच्या जुन्या मांटू तपासणीपेक्षा ही बाजू भक्कम. पण पेशींची ओळख आजची की वीस वर्षांपूर्वीची, हे रक्त सांगत नाही. आपल्याकडे टीबीचा जंतू शरीरात निपचित पडून असलेले निरोगी लोक कोट्यवधी आहेत. त्यांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. उलट खराखुरा आजारी माणूस निगेटिव्ह येऊ शकतो.

बेडक्याची सीबीनॅट तपासणी थेट जंतूचा डीएनए शोधते. साधारण दोन तासांत निकाल, शिवाय टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही कळतं. सरकारी केंद्रात मोफत. अट एकच: सकाळी खोल खोकून छातीतला बेडका द्यायचा, नुसती लाळ नव्हे.

रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर तर भारतात 2012 पासून बंदीच आहे. ‘गोल्ड’ त्यातली नाही. रुग्णाच्या घरातल्यांमध्ये सुप्त संसर्ग शोधायला ती कामाची. खोकणाऱ्याने मात्र आधी बेडक्याची डबी मागावी.