पैसा कुणाच्या हातात द्यायचा: गिऱ्हाइकाच्या की कारखानदाराच्या?

बजेट जवळ आलं की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, लोकांच्या खिशात पैसा घाला, बाजार हलेल. दुसरी म्हणते, उत्पादकाला सवलत द्या, माल वाढेल, नोकऱ्याही येतील. पहिली एकूण मागणीची बाजू, दुसरी एकूण पुरवठ्याची. कुणाचं पटवून घ्यायचं हे ठरवत असाल, तर आधी दोन आकडे शेजारी मांडा: महागाई आणि उत्पादन. दोन्ही मंदावलेले असतील तर दुखणं मागणीचं. उत्पादन अडलंय आणि भाव मात्र चढतायत, तर पुरवठ्याचं.

2019 घ्या. त्या ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 30 टक्क्यांहून जास्त घसरली होती आणि वाहन कंपन्या मध्येमध्ये कारखाने बंद ठेवत होत्या. किरकोळ महागाई 4 टक्क्यांच्या आत होती. म्हणजे गाडी तयार होती, गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी 20 सप्टेंबरला पणजीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदारीसाठी तर 15 टक्क्यांवर. तिजोरीला अंदाजे 1 लाख 45 हजार कोटींचा खड्डा. सेन्सेक्स त्या दिवशी 1,900 अंशांहून जास्त उसळला. पण आधीची यंत्रंच पूर्ण चालत नसताना नवी यंत्रं कोण घेणार? वाचलेला पैसा कर्जफेडीत आणि रोख शिल्लक वाढवण्यात गेला, गुंतवणुकीचं चाक त्याने फिरलं नाही, हे पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेच्याच वार्षिक अहवालात आलं. माझ्या मते औषध चांगलं होतं, रोगी चुकला.

आता उलटी बाजू, 2022. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कच्चं तेल भडकलं, सूर्यफूल तेलाची आवक तुटली. त्यात इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात थांबवली. एप्रिलमध्ये आपली महागाई 7.79 टक्क्यांवर होती. लोक काही जास्त तळण तळत नव्हते, तेलच कमी येत होतं. 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेली बैठक नसताना रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, 4 वरून 4.40 टक्के केला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर गेला. व्याजदर वाढवून तेलाचा एक डबाही बंदरात उतरत नाही. त्याने फक्त कर्ज महाग होतं आणि माणूस खर्चाला हात आखडतो. मग वाढवला कशाला? महागाई राहणारच असं सगळ्यांनी धरून चाललं की पगार, भाडी, दर सगळेच तसे ठरू लागतात, आणि बाहेरून आलेली महागाई घरात मुक्कामाला राहते. हे कारण मला पटतं, पण त्याची किंमत गृहकर्जवाल्याने मोजली, कुणाचा हप्ता वाढला, कुणाची मुदत. त्याच महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे 8 रुपयांनी आणि डिझेलवरचं 6 रुपयांनी उतरवलं. हा उपाय थेट खर्चावर, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूने होता, आणि मला तो जास्त नेमका वाटतो.

वेगाचा फरकही लक्षात घ्या. गरीब घरात गेलेला पैसा महिनाभरात किराणा दुकानात पोचतो. 2020 च्या मे महिन्यात मनरेगाला जादा 40,000 कोटी दिले गेले ते म्हणूनच. कारखाना, धरण, शीतगृह यांना वर्षं लागतात. मात्र यंत्रं आणि शेतं आधीच पूर्ण क्षमतेने चालू असतील, तर तोच वाटलेला पैसा माल वाढवत नाही, नुसते भाव वाढवतो. (टोमॅटोच्या भावावरून सगळ्या अर्थव्यवस्थेचं निदान करू नका. एक भाजी महागली की माणूस दुसरी घेतो, सगळंच महागलं तर पळायला जागा नसते.)

दोन्ही बाजू एकाच वेळी कोसळलेल्या असल्या तर? 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात तेच झालं. पीक गेलं, म्हणजे धान्य नाही. शेतात काम नाही, म्हणजे मजुराकडे असेल ते धान्य घ्यायलाही पैसा नाही. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आला तो पुरवठा, आणि खडी फोडून मिळाली ती मजुरी म्हणजे मागणी. नुसता मिलो आणला असता तर तो घ्यायला पैसे नव्हते, नुसती मजुरी वाटली असती तर उरलेली ज्वारी आणखी चढली असती. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 1979 पासून लागू झाला. त्यात मला आवडतो तो कामांचा भाग: बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी. मजुरी त्याच आठवड्याच्या बाजारात खर्च होते, आणि विहिरीला पाणी लागलं तर पुढच्या रब्बीला गहू-हरभरा उभा राहतो. म्हणून यंदाच्या बजेटमध्ये कुठल्याही घोषणेवर मी आधी एवढंच विचारेन, की पैसे संपल्यावर जागेवर काय उरणार आहे.