डिलिव्हरीसाठी भाड्याची सायकल: दुरुस्ती मालकाकडे की आपल्याकडे?

सांगलीत डिलिव्हरीच्या कामाला लागणाऱ्या माझ्या भाच्यापुढे दोन सायकली आहेत. एकीचं भाडं जास्त पण दुरुस्ती मालकाची. दुसरी स्वस्त, दुरुस्ती आपली.

आधी पैशांचं. पंक्चर, ब्रेक शू हा किरकोळ खर्च; भाड्यात वाचलेल्या पैशात तो निघतो. खरा दणका मागच्या चाकाला बसतो. कॅरिअरवर जड पेटी आणि रस्त्यात खड्डे, मग तारा तुटतात, चाक आउट होतं, म्हणजे वाकडं फिरतं. चेन ताणली की फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही झिजतात आणि दोन्ही एकदम बदलावे लागतात. हे आपल्या माथी नको.

वेळेचं उलटं आहे. पंक्चर कोपऱ्यावरचा दुकानदार लगेच काढतो. मालकाची वाट बघत बसलं तर ऐन जेवणाच्या वेळच्या ऑर्डरी जातात. म्हणून बदली सायकल मिळेल का, हे आधी विचारावं. 2019, 2021सारखा पूर येऊन चाकाच्या हबमध्ये (मधल्या भागात) पाणी शिरलं तर खर्च कुणाचा, हेही लिहून घ्यावं.

ज्याला स्वतः पाना चालवता येतो आणि काम गावभागापुरतं, पार्सल हलकं, त्याला स्वस्त सायकल बरी. रोज मिरजेपर्यंत ओझं नेणाऱ्यानं दुरुस्तीसकटच भाडं ठरवावं. भाच्याला मी तेच सांगितलंय.