डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ : चवथीच्या सुट्टीला पुरून उरेल

लॅरियन या बेल्जियन स्टुडिओचा हा आळीपाळीने लढायचा रोल-प्लेइंग गेम २०१७चा, पण अजून फिका पडलेला नाही. घाई मात्र इथे चालत नाही. फोर्ट जॉय या सुरुवातीच्या भागातच अनेकजण मार खातात, आणि चूक ठरलेली: ४ जणांच्या चमूत दोघे तलवारवाले, दोघे जादूगार. शत्रूला शारीरिक आणि जादुई अशी दोन वेगळी कवचं असतात. मारा विभागला की एकही लवकर फुटत नाही. आणि शारीरिक कवच फुटल्याशिवाय शत्रू आडवा पडत नाही, जादुई फुटल्याशिवाय गोठत नाही. सुरुवातीला निदान तिघांचा मारा एकाच प्रकारचा ठेवा.

चालण्या-मारण्यावर खर्च करायला प्रत्येकाला फेरीला ४ ॲक्शन पॉइंट मिळतात, साठा ६ पर्यंत. २ राखले तर पुढची फेरी जबरदस्त. मगरींना मारून टेलिपोर्टचे, म्हणजे कुणालाही उचलून दुसरीकडे टाकणारे, हातमोजे मिळवा. शत्रूला उचलून सांडलेल्या तेलात टाकायचं आणि पेटवायचं, हे जमलं की गेम खरा उघडतो. पाऊस पाडून वर वीज सोडली तरी तेच. फक्त आपला गडी त्याच डबक्यात नको!

सामानाची पिशवी वैताग आणते. कौशल्यं चुकली तर गेमच्या दुसऱ्या अंकापासून (टप्प्यापासून) जहाजावरच्या आरशात फुकट बदलता येतात. आणि डिचोली-पेडण्याच्या पावसात वीज कधीही जाते, तेव्हा एफ५ दाबून गेम सेव्ह करायला विसरू नका.