सायबर विमा: अकरा महिने, एक क्लेम आणि 72 तासांची अट

खात्यातून चोरी, ओळखचोरी, ऑनलाइन छळ, खंडणी मागणारं मालवेअर, डेटा परत मिळवायचा खर्च. वैयक्तिक सायबर विम्यात काय काय असतं हे माहितीपत्रकात सगळेच वाचतात, म्हणून त्यात शिरत नाही. मी अकरा महिन्यांपूर्वी पॉलिसी घेतली आणि आईचं नाव त्यात जोडलं. पहिले पाच महिने माझं ठाम मत होतं की हप्ता फुकट गेला. दुहेरी पडताळणी लावलेली, पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप वापरात, अनोळखी लिंकला हात लावत नाही. मग विमा कशासाठी?

सहाव्या महिन्यात, एका सोमवारी दुपारी बारा चाळीसला, आईचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, "तू रागावू नकोस."

आदल्या गुरुवारी संध्याकाळी तिला कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की आज रात्री तुमचं सिम बंद पडणार, पडताळणीसाठी एक अ‍ॅप घ्या. ते अ‍ॅप स्क्रीन दाखवणारं होतं. समोरच्याला तिचा फोन जसाच्या तसा दिसत होता, येणारे ओटीपीसुद्धा. साडेआठ ते पावणेनऊ या पंधरा मिनिटांत तीन वेळा पैसे गेले. आईला हे त्याच रात्री कळलं होतं. तरी ती गुरुवार ते सोमवार एकटी हे उरात घेऊन बसली. "एवढी शिकलेली बाई मी, कोणत्या तोंडाने सांगणार होते गं?"

मी तासाभरात बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार केली आणि चार वाजता विमा कंपनीला. दोन दिवसांनी दोन ओळींचा मेल आला: घटनेची सूचना 72 तासांच्या मुदतीनंतर मिळाल्याने दावा ग्राह्य धरता येत नाही.

पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं या एका अटीवरच आहे, कारण माझे पुढचे अकरा आठवडे तिनेच खाल्ले. पॉलिसीचा पूर्ण मजकूर उघडून बघा. माझ्या पॉलिसीत नवव्या पानावर लिहिलंय, "पॉलिसीधारकाच्या प्रथम लक्षात आल्यापासून 72 तासांत." घटना घडल्यापासून नव्हे, लक्षात आल्यापासून. आणि कुणाच्या लक्षात? पॉलिसीधारकाच्या. व्याख्यांच्या पानावर दोन वेगळे शब्द आहेत. पॉलिसीधारक म्हणजे जिच्या नावावर पॉलिसी आहे ती, म्हणजे मी. विमित व्यक्ती म्हणजे मी आणि परिशिष्टात नाव असलेले घरचे, म्हणजे आई. कंपनीने घड्याळ लावलं आईच्या गुरुवार रात्रीपासून. त्यांच्याच मजकुराप्रमाणे ते लागायला हवं होतं माझ्या सोमवार दुपारपासून. आईच्या कॉलची नोंद स्क्रीनशॉट काढून जोडली, नववं पान आणि व्याख्यांचं पान अधोरेखित करून पाठवलं. ग्राहक सेवेतल्या मुलीला तीनदा समजावलं. प्रत्येक वेळी "मॅडम, पुढच्या टीमला पाठवते." शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी गेले तेव्हा 'पॉलिसीधारक' हा एक शब्द कुणीतरी नीट वाचला आणि दावा पुढे सरकला.

मला राग अटीचा नाही. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात, हे मान्य. पण फसवला गेलेला माणूस आधी लाजेने गप्प बसतो, आणि वयस्कर माणूस जास्तच. ज्यांच्यासाठी आपण हा विमा घेतो तीच माणसं सर्वांत उशिरा सांगतात. मग मुदत ठरवताना हे गृहीत का धरत नाही?

आता चांगली बाजू, आणि इथे माझं मत खरोखर बदललं. दावा नाकारला जाण्याआधीच, सोमवारीच संध्याकाळी, कंपनीच्या तांत्रिक मदतीच्या माणसाने आईला फोन केला होता. ही सेवा पॉलिसीत आहे हे मी विसरूनही गेले होते. दीड तास तो तिच्याशी बोलत होता. "काकू, घाई नाही, आधी पाणी प्या." अ‍ॅप काढलं, कुठल्या कुठल्या यंत्रावर तिचं खातं उघडं आहे ते बघून सगळीकडून बाहेर काढलं. मग त्याने तिच्या ईमेलची सेटिंग उघडायला सांगितली. तिथे एक फिल्टर लावलेलं सापडलं: बँकेचं नाव असलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात. त्यामुळे चार दिवस बँकेचा एकही मेल तिला दिसला नव्हता. हे मला सुचलं नसतं. पासवर्ड बदलून मी मोकळी झाले असते आणि ते फिल्टर तसंच राहिलं असतं. त्या संध्याकाळनंतर आई पुन्हा फोन हातात धरायला लागली. केवळ एवढ्यासाठीही मी हप्ता भरला असता, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पैशांचं मात्र वेगळं. कंपनीला आधी बँकेचा लेखी नकार हवा असतो, की हे पैसे आम्ही परत देणार नाही. बँक फोनवर पटकन नाही म्हणते. कागदावर नाही म्हणायला तिने पाच आठवडे घेतले. मग कंपनीने तीन व्यवहार सुटे केले. पहिले दोन चोराने केले, म्हणून अनधिकृत. तिसऱ्याचा पिन आईने स्वतः दाबला होता, "पैसे परत येण्यासाठी" असं सांगून दाबायला लावलेला. तो अधिकृत, म्हणून बाद. तिसरा सर्वांत मोठा होता. पहिल्या दोनांतून ठरलेली वजावट, म्हणजे आपणच सोसायची रक्कम, कापून बाकीचे आले. एकूण गेलेल्यातले निम्म्याहून कमी.

अनधिकृत व्यवहारांसाठी विमा घेण्याआधी आपल्या बँकेचे नियम वाचा, कारण तिथे कायदाच बरंच देतो. भारतात रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घातलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर तोशीस नाही. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित. अमेरिकेत 2 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर 50 डॉलरपर्यंतच भार, उशीर केला तर 500 पर्यंत, आणि फारच उशीर केला तर त्याहूनही जास्त. खरी पोकळी आहे ती फसवून आपल्याच हाताने पाठवायला लावलेल्या पैशांत. ब्रिटनने 7 ऑक्टोबर 2024 पासून तेही, 85,000 पौंडांपर्यंत, परत करणं बँकांवर बंधनकारक केलं. जिथे असा नियम नाही तिथे विम्याने हेच भरून द्यायला हवं. काही पॉलिसींत यासाठी वेगळं कलम असतं, कमी मर्यादेचं. माझ्या पॉलिसीत ते नाही, आणि घेताना मी ते बघितलं नाही. विमा रक्कम मोठी दिसली, त्यावर भुलले. युद्ध आणि परक्या सरकारांनी केलेल्या हल्ल्यांच्या वगळणुकीबद्दल मात्र उगाच दोन रात्री वाचत बसले होते. 2017 च्या नॉटपेट्या या मालवेअरच्या नुकसानीवरून मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या विमा कंपन्या कोर्टात भांडल्या, ते खरं, पण घरच्या खात्याला त्याचा फारसा संबंध नाही.

एक काम फुकटात होतं आणि मी ते नंतर केलं: आईच्या खात्याची रोजची पैसे पाठवायची मर्यादा खाली आणली. ती आधी असती तर तिसरा व्यवहार झालाच नसता.

तर घ्यावा का? एकट्याने राहणाऱ्या, तंत्रात मुरलेल्या माणसाला मी आग्रह करणार नाही. घरात आईवडील स्वतः व्यवहार करत असतील तर घ्या, पण पॉलिसी स्वतःच्या नावावर आणि ते विमित व्यक्ती, अशीच. आणि स्क्रीन दाखवून करवून घेतलेला व्यवहार कुठल्या कलमात बसतो ते लेखी विचारून.

मी विचारलंय. नूतनीकरण 18 तारखेला आहे. उत्तर फोनवर आलं, "मॅडम, ते कव्हर होतं." मी म्हटलं, मेलवर द्या. नऊ दिवस झाले, मेल आलेला नाही आणि मी हप्ता भरलेला नाही.